शेणावरचं फुलपाखरू

फुलपाखरांबद्दल आपल्याकडे एक मोठा गैरसमज आहे, आणि तो पसरवण्यात कवी, कॅलेंडरवाले आणि बालवाडीच्या बाई या तिघांचा हात आहे. गैरसमज असा की, फुलपाखरू हे फुलांवर बसतं. आता नावातच फूल म्हटल्यावर बिचाऱ्यानं दुसरीकडं बसावं तरी कुठं, असं तुम्ही म्हणाल. पण नावावरून माणसाचा काय किंवा पाखराचा काय, अंदाज बांधू नये, हे आपण आयुष्यात पुष्कळदा शिकतो आणि तितक्याच वेळा विसरतो. शांताराम नावाच्या माणसाच्या घरून रोज भांडणाचे आवाज येतात आणि लक्ष्मीबाई महिनाअखेरीला वाटीभर साखर मागायला येतात, हा आपला नित्याचा अनुभव आहे.

तर फुलपाखरू फुलावर बसतं हे खरं, पण अर्धंच खरं. ते चिखलावर बसतं, सडक्या फणसावर बसतं, मेलेल्या खेकड्यावर बसतं, घामानं डबडबलेल्या माणसाच्या मानेवर बसतं आणि अगदी पंगतीला बसावं तसं मांडी ठोकून शेणावर बसतं.

मराठी माणूस परीक्षेत नापास झाला, भलत्याच शेअरमध्ये पैसे घालून आला किंवा साहेबासमोर नको ते बोलून बसला, की त्यानं 'शेण खाल्लं' असं आपण म्हणतो. म्हणजे शेण खाणं ही आपल्याकडे घसरणीची शेवटची पायरी. फुलपाखराच्या दुनियेत मात्र ती संसाराची पहिली पायरी आहे. कशी ते सांगतो. फुलातल्या मधुरसात साखर भरपूर, पण मीठ जवळजवळ नाहीच. निव्वळ गोडव्यावर संसार चालत नाही हे आपल्याला लग्नानंतर कळतं. फुलपाखराला ते आधीच ठाऊक असतं. म्हणून फुलपाखरांचे नर ओल्या मातीवर, शेणामुतावर बसतात आणि सोंड लावून त्यातले क्षार शोषून घेतात. जाणकार मंडळी याला 'चिखलपान' म्हणतात. हे मीठ तो नर पुढं मीलनाच्या वेळी मादीला आहेर म्हणून देतो आणि ते तिच्या अंड्यांच्या कामी येतं. तेव्हा शेणाच्या पोवर पंख मिटून बसलेलं फुलपाखरू दिसलं तर नाक मुरडू नका. तो एक जबाबदार भावी पिता आहे आणि महिन्याचा किराणा भरायला आलेला आहे.

बरं, हे काही खालच्या थरातलं वागणं म्हणावं तर तसंही नाही. आपल्या फुलपाखरांना इंग्रजी नावं ठेवणाऱ्यांत गोऱ्या लष्करी आणि मुलकी अंमलदारांचा भरणा मोठा. त्यामुळं फुलपाखरांतही हुद्दे आले. कमांडर आहे, सार्जंट आहे, बॅरन आहे, नवाब आहे आणि चक्क राजाही आहे. त्यातले ब्लॅक राजा आणि कॉमन नवाब ही खानदानी मंडळी फुलांकडे सहसा ढुंकून पाहत नाहीत. सडकी फळं, झाडाच्या बुंध्यातून पाझरणारा चीक आणि ताजं शेण हा त्यांचा शाही खाना. फुलांवर भिरभिरण्याचं काम त्यांनी सामान्य जनतेकडे सोपवलेलं दिसतं.

हे सगळं ज्ञान मला आमच्या तळ्यामुळं झालं. तळ्याचं नाव मी मुद्दामच सांगत नाही. सांगितलं तर येत्या रविवारी तुम्ही सहकुटुंब याल, आणि येताना भेळ आणाल. डॉक्टरांनी रोज चार किलोमीटर चालायला सांगितल्यापासून मी तिथं जाऊ लागलो. तळं म्हणजे काही नंदनवन नव्हतं. एका बाजूला बांध, दुसऱ्या बाजूला पाणकणसाचं बेट, पाण्यावर जलपर्णी, आणि काठानं रुई, एरंड, टाकळा, तालीमखाना, घाणेरी यांचं रान. त्यात सहा म्हशी. म्हशींचे मालक डोक्याला मुंडासं बांधून बांधावर बसत. त्यांना सगळे 'मामा' म्हणत. मामा कुणाशी फारसं बोलत नसत. म्हशींच्या सहवासात माणूस मितभाषी होतो, असं माझं निरीक्षण आहे.

आणि या रानावर पावसाळा सरता सरता फुलपाखरांची जत्रा भरे.

या जत्रेतले पहिले यात्रेकरू म्हणजे आमचे शेजारी. बँकेतून निवृत्त झाल्यावर त्यांनी भागवत वाचायला घेतलं, ते जमेना. बागकाम सुरू केलं, त्यात कंबर धरली. शेवटी मुलानं कॅमेरा घेऊन दिला आणि घरातल्या सगळ्यांचीच सुटका झाली. कॅमेऱ्याचं भिंग आमच्या पाच लिटरच्या कुकरएवढं आहे. माझ्या तरुणपणी एका रोलमध्ये छत्तीस फोटो निघत आणि ते एका मुंजीला, एका बारशाला आणि महाबळेश्वरच्या सहलीला पुरत. शेजारी सकाळच्या चहाच्या आत चारशे फोटो काढतात. ज्या माणसाला खाली पडलेली किल्ली उचलायला नातवाला हाक मारावी लागते, तो माणूस फुलपाखरासाठी चिखलात पोटावर सरपटताना मी पाहिला आहे. कॉलनीतली पोरं त्यांना 'कॅमेरेवाले' म्हणतात, म्हणून मीही तेच म्हणतो.

एका सकाळी कॅमेरेवाल्यांना राणी पाकोळी सापडली. ही कोण, ते आधी सांगायला हवं. इंग्रजीत तिला ब्लू मॉरमॉन म्हणतात. काळ्याभोर मखमलीवर आभाळाच्या निळ्या रंगाचे पट्टे आणि पंख पसरले की जवळजवळ तळहाताएवढी. २०१५ साली महाराष्ट्र सरकारनं तिला राज्याचं फुलपाखरू म्हणून मान दिला; असा मान देणारं आपलं राज्य देशातलं पहिलं. शेकरू हा राज्यप्राणी, हरियाल हा राज्यपक्षी आणि राणी पाकोळी हे राज्यफुलपाखरू. तर ही राजमान्य राजश्री राणी त्या दिवशी मामांच्या म्हशीच्या ताज्या पोवर विराजमान झाली होती. चिखलपान नरच बहुधा करतात, तेव्हा ही राणी बहुतेक राजाच असावी. पण ते असो. पंख पूर्ण उघडे, ऊन तिरपं, निळा रंग असा लखलखत होता की, मीसुद्धा चालायचं थांबलो.

कॅमेरेवाल्यांनी साठ फोटो काढले. त्यातला एक निवडला. मग घरी जाऊन संगणकावर त्यांनी त्यातलं शेण कापून टाकलं.

भाद्रपदात आमच्या गणेशोत्सवात छायाचित्रांचं प्रदर्शन भरलं. तो फोटो मध्यभागी लागला. खाली सुवाच्य अक्षरात नाव दिलं होतं, 'पावित्र्य'. परीक्षक म्हणून एक निवृत्त चित्रकला शिक्षक आले होते. ते फोटोसमोर बराच वेळ उभे राहिले आणि म्हणाले, "यात मला ध्यानस्थ ऋषी दिसतो." पहिलं बक्षीस म्हणून थर्मास मिळाला. फोटोच्या खालच्या कडेला तपकिरी रंगाची एक बारीक रेघ राहून गेली होती. ती काय आहे, असं एका मुलीनं विचारलं. "माती आहे, बाळ," कॅमेरेवाले म्हणाले.

घरी येताना मी आमच्या सौ.ना म्हणालो, "हे काही बरोबर नाही. ते शेण होतं."

"मग काय शेणाला पहिलं बक्षीस द्यायचं?" सौ. म्हणाल्या. "तुमच्याकडे पाहुणे येतात तेव्हा बाहेरचा सगळा पसारा मी आतल्या खोलीत ढकलते. ते खोटं का?"

आमच्या घरातले तात्त्विक प्रश्न बहुधा असेच जिन्यात निर्माण होतात आणि दार उघडेपर्यंत सुटतात. हा मात्र सुटला नाही. कारण सौ.चं म्हणणं अगदीच खोडून काढण्यासारखं नव्हतं. चौकट म्हटली की काहीतरी बाहेर राहणारच. लग्नाच्या फोटोत आचारी नसतो, सत्काराच्या फोटोत हार विकत घ्यायला धावलेला शिपाई नसतो. शोकसभेत मयताच्या उधारीचा उल्लेख कोणी करत नाही. केला तर लोक त्याला सत्यवादी न म्हणता असभ्य म्हणतील, आणि योग्यच म्हणतील. सगळंच्या सगळं सांगायचं ठरवलं तर 'कसं काय, बरं आहे ना?' या प्रश्नाचं उत्तर द्यायला दोन दिवस लागतील. (काही लोक लावतातही. त्यांना पाहून आपण रस्ता बदलतो.) तेव्हा कापणं म्हणजे खोटं बोलणं, असं सरसकट म्हणता येत नाही.

पण दुसरीकडे आपल्याला धर्मराजाची गोष्टही ठाऊक आहे. अश्वत्थामा मेला, एवढं तो मोठ्यानं म्हणाला. मेला तो हत्ती होता, हे हळूच म्हणाला. त्यातला एकही शब्द खोटा नव्हता. धर्मराजानं फक्त हत्ती चौकटीच्या बाहेर ठेवला. आणि तेवढ्यावर, जमिनीपासून चार अंगुळं वर चालणारा त्याचा रथ खाली टेकला, असं महाभारत सांगतं. आता आचाऱ्याला फोटोबाहेर ठेवणाऱ्याचा रथ टेकत नाही आणि हत्तीला बाहेर ठेवणाऱ्याचा टेकतो, हा काय न्याय झाला? दोघांनीही कापलंच आहे. मग फरक कुठं पडतो?

मी बरेच दिवस तळ्याकाठी चालता चालता यावर विचार केला. चार किलोमीटर चालायचं म्हणजे विचार करण्याशिवाय दुसरं काही करता येत नाही. शेवटी उत्तर सापडलं ते सौ.च्याच उदाहरणात. समजा, तुमच्याकडे पाहुणा आला. तुम्ही पसारा आतल्या खोलीत ढकललात. पाहुण्यानं चहा घेतला, पोहे खाल्ले, 'घर काय छान ठेवलंय' म्हणाला आणि गेला. कुणाचं काही बिघडलं नाही. पसारा आत सुखरूप आहे. पण समजा, तोच पाहुणा घर विकत घ्यायला आला आहे, आणि आतल्या खोलीच्या भिंतीला ओल आली आहे. दार तेच, तितकंच लोटलेलं. पण आता ते लोटणं म्हणजे फसवणूक. कारण समोरचा माणूस जे पाहतो आहे, त्यावर काहीतरी ठरवणार आहे. द्रोणाचार्यांनीही ऐकलेल्यावर ठरवलं आणि शस्त्र खाली ठेवलं. आचारी नसलेला लग्नाचा फोटो पाहून कोणी काही ठरवत नाही. आचाऱ्याचे पैसे आधीच ठरलेले असतात.

तेव्हा माझा सिद्धांत असा : बघणारा नुसतं बघून 'वा' म्हणणार असेल तर खुशाल कापा. पण बघून तो काही ठरवणार असेल, आणि त्या ठरवण्याची किंमत नेमक्या कापलेल्या भागाला मोजावी लागणार असेल, तर तेवढं कापू नका. अडचण एवढीच की, आपला फोटो बघून कोण केव्हा काय ठरवेल, हे फोटो काढणाऱ्याला आधी कळत नाही.

मी हा सिद्धांत कॅमेरेवाल्यांना ऐकवला. ते माझ्यापेक्षा वाचलेले. ते म्हणाले, "अहो, तुम्ही माणसांचं काय घेऊन बसलात? फुलपाखरं स्वतः काय कमी लबाड असतात? ते प्लेन टायगर बघा. नारिंगी, काळी किनार. त्याची अळी रुईची पानं खाते. रुईच्या चिकातलं विष अंगात साठवते आणि ते फुलपाखरातही उतरतं. पक्ष्यानं एकदा चाखलं की ओकतो आणि पुन्हा त्या रंगाच्या वाटेला जात नाही. आता ही डॅनेड एगफ्लायची मादी बघा. हिच्या अंगात ते विष नाही. हिची अळी घोळीची भाजी खाऊन वाढते. पण बाई हुबेहूब प्लेन टायगरचं लुगडं नेसून हिंडतात आणि पक्षी घाबरतात. निसर्गच जर असा पोशाखी, तर मी चिमूटभर शेण कापलं तर काय बिघडलं?"

मुद्दा बिनतोड होता. शिवाय त्यात भर घालण्यासारखी एक गोष्ट मला ठाऊक होती. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत या नक्कल करणाऱ्या बाईंचं नाव बरीच वर्षं होतं; जिची नक्कल होते त्या प्लेन टायगरचं नव्हतं. अस्सलाला कोणी विचारत नाही आणि नकलेला सरकारी संरक्षण, यावर कोणाही मध्यमवर्गीय माणसाला पोटतिडकीनं अर्धा तास बोलता येईल. पण मी बोललो नाही. कारण कॅमेरेवाल्यांच्या बोलण्यात एक दुवा मला सापडला होता. ती नक्कल चालते केव्हा? आजूबाजूला खरीखुरी विषारी फुलपाखरं भरपूर असतात तेव्हा. पक्ष्यांना खऱ्याची आठवण असते म्हणून खोट्याला भाव. खरी संपली की पक्षी चाखून बघतील आणि बाईंचं लुगडं काही कामाचं राहणार नाही. म्हणजे ती लबाडीसुद्धा शेवटी तळ्याकाठच्या रुईवर उभी आहे. रुई राहिली तर प्लेन टायगर राहील, आणि ती राहिली तर तिची नक्कल राहील.

"रुईला काय होतंय?" कॅमेरेवाले म्हणाले. "ती दगडातसुद्धा उगवते."

रुईला काय होतं, ते पुढच्या उन्हाळ्यात कळलं.

झालं असं की, तो 'पावित्र्य' फोटो फार गाजला. कॉलनीच्या दिनदर्शिकेवर तो आला. मग ऑफिसात, लग्नात, डॉक्टरांच्या दवाखान्यात लोक विचारू लागले, हे एवढं सुंदर फुलपाखरू आपल्या तळ्यावर येतं? लोक बघायला गेले. फुलपाखरं होती, पण चिखलही होता, म्हशीही होत्या, आणि नव्या चपला घेतलेल्या एका बाईंचा पाय नको तिथं पडला. तेव्हा सर्वांचं एकमत झालं की, इतक्या सुंदर जिवाला इतक्या घाणीत राहावं लागतं, ही शरमेची गोष्ट आहे. एक अर्ज तयार झाला. 'फुलपाखरांसाठी तळ्याचे सुशोभीकरण' हा विषय. अर्जाला तो फोटो जोडला. दोनशेच्या वर सह्या झाल्या. सह्या गोळा होत होत्या तेव्हा मी लेकीकडे गेलो होतो. परत आलो तर काम मंजूर होऊन सुरूसुद्धा झालं होतं. आपल्याकडे सरकारी काम वेळेत होत नाही, अशी तक्रार करणाऱ्यांनी लक्षात ठेवावं; नको असलेलं काम बरोबर वेळेत होतं.

रुई, एरंड, टाकळा, तालीमखाना यांना कंत्राटात एकच नाव होतं, 'तण'. ते समूळ काढण्यात आलं. आता टाकळा म्हणजे ग्रास यलो या पिवळ्या इटुकल्या फुलपाखराच्या अळीचं पोट. एरंड म्हणजे कॉमन कॅस्टरचं. तालीमखाना म्हणजे पीकॉक पॅन्सीचं, ज्याच्या पंखांवर मोराच्या पिसासारखे डोळे असतात. फुलपाखराची मादी पायांनी पानाची चव घेते आणि आपल्या बाळाला चालणारं नेमकं झाड असेल तरच अंडं घालते. आपल्याकडच्या आया परक्या गावात बाळंतपणाला जाताना जेवढी चौकशी करत नाहीत, तेवढी ती करते. आम्ही तिचं अख्खं माहेर तण म्हणून उपटलं आणि तिथं हिरवळीचा गालिचा अंथरला. हिरवळीवर 'चालू नये' ही पाटी लावली. बांधाला रंग दिला. आणि मधोमध फायबरचं एक भलं मोठं फुलपाखरू उभं केलं, त्याच्या दोन पंखांमध्ये उभं राहून लोक फोटो काढतात. 'येथे गुरे सोडण्यास मनाई आहे' ही दुसरी पाटी. मामांनी ती एका पोराकडून वाचून घेतली, मुंडासं झटकलं आणि म्हशी घेऊन ते निघून गेले. काही बोलले नाहीत. म्हशींच्या चाऱ्याचं आणि मामांच्या पोटाचं पुढं काय झालं असेल, हा प्रश्न दोनशे सह्यांपैकी एकाही सहीला पडला नव्हता. पडणार तरी कसा? फोटोत म्हैस नव्हतीच.

पुढच्या पावसाळ्यानंतर कॅमेरेवाले भिंग सरसावून हिरवळीच्या कडेला उभे राहिले. महिनाभर उभे राहिले. चार-दोन चुकार फुलपाखरं वरून गेली, जशी एस. टी. थांबा नसलेल्या गावावरून जाते. एका दिवशी मला म्हणाले, "दोनशे सह्या त्यांनी केल्या. पण कात्री माझी."

ते खरं होतं, आणि फार नव्हतंही. त्यांनी कुणाला फसवायला कापलं नव्हतं. सुंदर दिसावं म्हणून कापलं होतं. पण लोकांना फुलपाखरू दाखवताना ज्यावर ते जगतं ते वगळलं, आणि लोकांनी दोन्ही वेगळं करता येतं असं धरून चाललं. यात वाईट माणूस कोणीच नाही. जगातली पुष्कळशी नासधूस अशीच, चांगल्या माणसांच्या सह्यांनी होते. आपणही हे घरोघर करत असतो. डॉक्टर झालेल्या मुलाचा पेढा हातात घेताना तो दोनदा नापास झाला होता, हे वगळतो. मग शेजारचं पोरगं एकदा नापास झालं की त्याच्या आईबापांना वाटतं, आपलंच नशीब फुटकं. गायिकेचे सूर ऐकतो आणि तिच्या वीस वर्षांच्या पहाटे वगळतो. मग आपल्या मुलीला तीन महिन्यांत भैरवी आली नाही की क्लास बदलतो. फुलपाखरू हवं, पण अळी नको, चीक नको, शेण नको. असं म्हणणाऱ्याच्या हाती शेवटी फायबरचं फुलपाखरू येतं. ते मात्र सदैव पंख पसरून तयार असतं.

त्या वर्षीच्या प्रदर्शनात कॅमेरेवाल्यांनी तोच फोटो पुन्हा लावला, यावेळी पूर्ण. वर निळी मखमल, खाली हिरवट तपकिरी पो, कडेला म्हशीचा एक खूर. नाव तेच, 'पावित्र्य'. मंडपात खळबळ उडाली. एक गृहस्थ म्हणाले, "गणपतीसमोर शेण?" तेव्हा आमच्या सौ., ज्यांनी आदल्या वर्षी शेणाला बक्षीस द्यायचं का म्हणून मला गप्प केलं होतं, त्या म्हणाल्या, "का? तुमच्या आजीनं गणपती बसवायच्या आधी जमीन कशानं सारवली होती?" गृहस्थ प्रसाद घ्यायला गेले.

दुसऱ्या दिवशी कॅमेरेवाले मामांना शोधून मंडपात घेऊन आले. मामा गणपतीच्या पाया पडले, मग फोटोसमोर उभे राहिले. बराच वेळ बघून, खुराकडे बोट दाखवून म्हणाले, "ही आमची चंद्री हाय." त्यांच्या चेहऱ्यावर जो आनंद होता, तो थर्मास मिळाला त्या दिवशी कॅमेरेवाल्यांच्या चेहऱ्यावरही नव्हता. बक्षीस त्या वर्षी एका सूर्यास्ताला मिळालं.

त्यानंतर आम्ही दहा-बाराजणांनी दुसरा अर्ज केला. तळ्याचा पलीकडचा एक कोपरा तसाच सोडावा, तिथं काहीही करू नये, आणि म्हशींना पाण्यावर येऊ द्यावं. अधिकारी भला माणूस होता. त्यानं अर्ज दोनदा वाचला आणि म्हणाला, "म्हणजे तिथं नेमकं काय करायचं?" आम्ही म्हणालो, काहीच नाही. तो म्हणाला, "काहीच न करण्यासाठी निधीचं शीर्षक नाही." आम्ही म्हणालो, निधी नकोच आहे. यावर त्याला आमचा संशय आला. तो अर्ज अजून विचाराधीन आहे. पण अर्ज विचाराधीन असल्यामुळं त्या कोपऱ्यातलं गवत काढण्याचं कामही थांबलेलं आहे. आणि रुईनं, जी खरोखरच दगडातसुद्धा उगवते, तेवढ्यात डोकं वर काढलं आहे. सरकारी दिरंगाईबद्दल मी इतकी वर्षं जे काही बोललो, त्यातला निम्मा भाग आता मी वगळून बोलतो.

आमच्या घरातही धोरणात बदल झाला आहे. गॅलरीत कुंडीत कढीपत्त्याचं झाड आहे. त्यावर दरवर्षी कॉमन मॉरमॉनच्या अळ्या येतात. लहानपणी पक्ष्याच्या शिटेसारख्या दिसतात, मोठ्या झाल्या की हिरव्यागार होतात आणि बोट लावलं तर डोक्यातून लाल शिंगं काढून असा काही वास सोडतात की, माणसानं दोन पावलं मागं सरावं. पूर्वी सौ. त्यांना चिमट्यानं उचलून खाली टाकत असत आणि संध्याकाळी बागेत काळी फुलपाखरं बघून 'अगबाई, किती गोड' म्हणत. आता वाटणी झाली आहे. वरच्या फांद्या आमटीच्या, खालच्या अळीच्या. अळ्यांना ही वाटणी लेखी कळवलेली नाही. त्यामुळं त्या वर चढतात. मग आमटीला कढीपत्ता कमी पडतो आणि मी पानावर बसून विचारतो, "आज फोडणीत काही दिसत नाही?"

"दिसेल," सौ. म्हणतात. "पंधरा दिवसांनी. गॅलरीत."

मी पुढं काही विचारत नाही. फोडणी नसलेली आमटी ही काही फार आनंदाची गोष्ट नाही. पण ती न वगळता सांगितली पाहिजे, म्हणून सांगितली.